देणाराच पैसे मोजतो असं इंधन

कोळसा किंवा फर्नेस ऑइल घ्यायचं तर पैसे मोजावे लागतात. पण वापरून झालेलं सॉल्व्हंट (इतर पदार्थ विरघळवणारा द्रव) किंवा डिस्टिलेशननंतर, म्हणजे ऊर्ध्वपातनानंतर, तळाशी उरलेला डांबरासारखा गाळ बॉयलरसाठी घेतला, तर देणाराच वर पैसे देतो. त्याच्या लेखी तो धोकादायक कचरा असतो आणि तो असा कचरा जाळणाऱ्या खास भट्टीत पाठवणं फार महाग पडतं. बॉयलरवाल्याने थोडं कमी मागितलं की सौदा जमतो. त्याला कचरा घेण्याचे पैसे मिळतात, शिवाय विकतचं इंधनही वाचतं.

उष्णतेचा हिशोब पाहू. टोल्युईन हे नेहमीच्या वापरातलं सॉल्व्हंट; ते 1 किलो जाळलं की सुमारे 40 मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे जवळपास फर्नेस ऑइलइतकी. त्यात निम्मं पाणी असेल तर हाती 19 च्या आसपास उरते. डायक्लोरोमिथेन या दुसऱ्या सॉल्व्हंटच्या वजनात तर 80 टक्क्यांहून जास्त क्लोरीनच असतो. त्यातून टोल्युईनच्या पाचव्या हिश्श्याइतकीही उष्णता निघत नाही, उलट किलोमागे साधारण 850 ग्रॅम हायड्रोजन क्लोराईड तयार होतं.

खरी मेख इथेच आहे. असा क्लोरीनयुक्त कचरा कुणाला नको असतो, म्हणून तो घेण्याचा दर सगळ्यात चढा. उष्णता कमी, कमाई जास्त! मग इंधन हे नुसतं निमित्त उरतं आणि बॉयलर कचरा जाळण्याची स्वस्त भट्टी होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1983 मध्ये किलोमागे सुमारे 11.6 मेगाज्यूलची रेषा आखली ती यासाठीच. त्याहून कमी उष्णतेचा कचरा जाळणं म्हणजे सहसा इंधनाच्या नावाखाली केलेली विल्हेवाट, असं तिने मानलं. तरी बॉयलरना कचराभट्ट्यांसारखे कडक नियम लागू झाले ते 1991 मध्ये. तोवरच्या स्वस्ताईचा मोठा भाग या सवलतीचा होता. तिची किंमत धुराड्याखाली राहणाऱ्यांच्या फुप्फुसांवर टाकलेली होती, असं मला स्पष्टपणे वाटतं.

तांत्रिक अडचण याहून खोल आहे. ज्वालेत तुटलेले रेणू वायू थंड होताना, साधारण 200 ते 450 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात, धुळीच्या कणांवर पुन्हा जुळून डायॉक्सिन, म्हणजे क्लोरीन असलेली अतिविषारी संयुगं, बनू शकतात. खास भट्टीत पाण्याचा मारा करून हा टप्पा झटकन ओलांडता येतो, पण ती उष्णता वाया जाते. बॉयलरला तर तीच हवी असते, त्यामुळे वायू नळ्यांवरून जाताना तुलनेने सावकाश निवतात. म्हणजे ज्या कामातून पैसा मिळतो, त्याच कामातून धोकाही वाढतो. हायड्रोजन क्लोराईड नळ्या खातं, आणि तो खर्च सौद्याच्या दिवशी दिसत नाही. शिसं, कॅडमियम, पारा तर जळतच नाहीत; ते राखेत उतरतात किंवा धुरातून निघून जातात.

अमेरिकेच्या नियमानुसार मुख्य घातक घटक 99.99 टक्के नष्ट व्हावे लागतात. ऐकायला आकडा भक्कम, पण अशा पदार्थाचे 1000 टन जाळले तर 100 किलो तरीही निसटू शकतात. नियम पाळला जातो हे दाखवायला आधी चाचणी-ज्वलन करावं लागतं, मग वायूंचं सतत मोजमाप. हा खर्च लहान बॉयलरलाही फारसा कमी होत नाही, त्यामुळे त्याचं गणित कोलमडतं. हिशोब टिकतो तो मोठ्या रासायनिक कारखान्यांचा. त्यांचं स्वतःचं, एकाच प्रकारचं, क्लोरीन नसलेलं सॉल्व्हंट पाइपातून थेट बर्नरपर्यंत जातं आणि त्यात काय आहे हे त्यांना रोज ठाऊक असतं.