पॅनेलच्या दारावरचा कागद

ऐरोलीतल्या एका आयटी इमारतीच्या तळघरात एसीच्या कंट्रोल पॅनेलचं दार उघडलं, तर आतल्या बाजूला सेलोटेपने चिकटवलेला एक कागद दिसला. निळ्या पेनाने लिहिलं होतं, '१०७ – तिसरा मजला, एएचयू, १० ने भागणे.' एएचयू म्हणजे मजल्यावर थंड हवा खेळवणारं यंत्र. कंट्रोलरच्या १०७ नंबरच्या कप्प्यात २४५ हा आकडा होता. तो २४.५ अंश सेल्सिअस आहे, २४५ व्होल्ट नव्हे, हे फक्त त्या कागदाला ठाऊक. ऑपरेटर दर तासाला भागाकार करून रजिस्टरमध्ये नोंद करतो आणि महिनाअखेरीला अकाउंट्समधलं कुणीतरी तेच आकडे एक्सेलमध्ये पुन्हा भरतं.

१९७९ पासून चालत आलेल्या मॉडबस या यंत्रांच्या संवादपद्धतीची रीतच अशी आहे : कप्पा आणि आकडा, बस. यंत्राला यंत्र जोडायला तेवढं पुरतं. इमारतींसाठी अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने १९८७ मध्ये काम हाती घेतलं आणि १९९५ मध्ये बॅकनेट हे मानक आलं. त्यात प्रत्येक मोजमापाला नाव आणि एकक मिळालं. पण बॅकनेट ही तळघरातल्या यंत्रांची आपसातली बोली. वरच्या मजल्यावरचं बिलिंगचं किंवा मीटिंग रूम बुकिंगचं सॉफ्टवेअर बोलतं वेबची भाषा. मध्ये दुभाषा बसवावा तर तो प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि बिघडला की पुन्हा त्याच कंपनीच्या दारात उभं राहायचं.

ही अडचण ओबिक्सने नेमकी ओळखली. ओएसिस या संस्थेत तयार झालेल्या या खुल्या मानकाची पहिली आवृत्ती २००६ ची. ब्राउझर जसं वेबवरून पान मागवतो, तसंच इथे तापमान मागवायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सेन्सरला स्वतःचा वेब पत्ता असतो. विचारलं की २४.५ हा आकडा, तो दशांश संख्या आहे ही माहिती आणि सेल्सिअस हे एकक, सगळं एकाच उत्तरात येतं. कागदावरचं ज्ञान आकड्याबरोबरच प्रवास करतं! मूळ क्रिया तीनच : वाचणे, लिहिणे आणि एखादी आज्ञा चालवणे. मला सर्वांत आवडते ती त्यातली 'वॉच'ची सोय. हजारो पॉइंट, म्हणजे इमारतीतली एकेक मोजमापं आणि नियंत्रणं, पुन्हा पुन्हा वाचत बसण्यापेक्षा सॉफ्टवेअर आपल्याला हवे ते पॉइंट एकदा नोंदवतं आणि पुढे फक्त विचारतं, 'मघापासून काय बदललं?'

मग बुकिंग रद्द झालेल्या मीटिंग रूमचा एसी आपोआप बंद करता येतो. महावितरणच्या मोठ्या ग्राहकांच्या बिलात विजेचा दर वेळेनुसार बदलतो आणि कमाल मागणीचाही आकार लागतो. एसीसाठी पाणी थंड करणारा चिलर किती वाजता किती वीज ओढतोय, हे अकाउंट्सला त्याच दिवशी दिसलं, तर बिल येण्याआधी काही करता येतं.

लिहिण्याची परवानगी मात्र जपून द्यावी. जुनं बॅकनेट बंदिस्त नेटवर्क गृहीत धरून बेतलेलं. माहिती सांकेतिक रूपात (एन्क्रिप्ट करून) पाठवणारं बॅकनेट-एससी २०१९ मध्ये आलं. बिलिंगला फक्त वाचू द्यावं, सेटपॉइंट, म्हणजे एसीला ठरवून दिलेलं तापमान, बदलण्याचा हक्क मोजक्यांनाच असावा.

आणि घणसोली-महापे पट्ट्यात नवी इमारत उभी करताना, फॉल्स सीलिंग लागण्याआधीच, संपूर्ण पॉइंट लिस्ट नावं-एककांसह कंत्राटदाराकडून लेखी घ्यावी. इमारत ताब्यात आल्यावर ती मागत बसलं, की हाती तो सेलोटेपचा कागदच लागतो.