लिथुआनियाचं हातभर अंतर, पोर्तुगालचा गालाला गाल

लिथुआनियन माणूस अनोळखी माणसाशी बोलताना हातभर, बऱ्याचदा त्याहून जास्त अंतर राखून उभा राहतो. पोर्तुगीज माणूस बोलता बोलता कोपराला हात लावतो, दंडावर थाप मारतो. दोघं समोरासमोर आले की एक पुढे सरकतो, दुसरा मागे, आणि थोड्याच वेळात मागे सरकणाऱ्याची पाठ भिंतीला लागते. पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय समुदायात आला, लिथुआनिया २००४ साली युरोपीय संघात. त्यानंतर इरॅस्मस या युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेचे विद्यार्थी, नोकरदार, पर्यटक अशी ये-जा वाढली आणि 'लिथुआनियन थंड, पोर्तुगीज प्रेमळ' हा निकालही तयार झाला. तो घाईचा आहे.

या अंतराला मोजपट्टी लावली अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी, १९६० च्या दशकात. ४५ सेंटिमीटरपर्यंत जिव्हाळ्याचं अंतर, तिथून १.२ मीटरपर्यंत वैयक्तिक, ३.६ मीटरपर्यंत सामाजिक. हे आकडे सरसकट जगाला लावले जातात, पण ते मुख्यतः अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांचे होते. २०१७ मध्ये ४२ देशांतल्या सुमारे नऊ हजार लोकांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात अनोळखी माणसाला सर्वांत लांब ठेवणारे निघाले रोमानियन आणि सर्वांत जवळ येऊ देणारे अर्जेंटिनाचे. रोमानियन आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषा लॅटिनच्याच लेकी, त्यामुळे 'लॅटिन म्हणजे सलगी' हे समीकरण तिथेच मोडतं. उष्ण प्रदेशातले लोक अनोळखी माणसाच्या जरा जवळ उभे राहतात असंही त्यात दिसलं, पण हवामानाने सगळं उलगडत नाही. धर्माने तर नाहीच. दोन्ही देश कॅथलिक आहेत. लिथुआनियाने ख्रिस्ती धर्म १३८७ मध्ये स्वीकारला, तो युरोपात जवळजवळ शेवटी, इतकाच फरक.

लिथुआनियात बघायची ती जमिनीची मांडणी. १५५७ च्या जमीनसुधारणेने शेतकऱ्यांना रस्त्याच्या कडेला ओळीने घरं आणि तीन मोठ्या शेतांत पट्टे दिले. नांगरट, पेरणी, गुरं सोडणं सगळं गावाच्या वेळापत्रकाने. म्हणजे आज अंतर राखणाऱ्या लोकांचे पूर्वज साडेतीनशे वर्षं एकमेकांना खेटून राहत होते. १९०६ नंतर रशियन साम्राज्याचे पंतप्रधान स्तोलिपिन यांच्या जमीनसुधारणांनी आणि स्वतंत्र लिथुआनियाच्या १९२२ च्या कायद्याने ही गावं फोडली. आपल्याकडे गावठाण सोडून मळ्यात वस्ती करतात तसं प्रत्येक कुटुंब स्वतःच्या जमिनीच्या मधोमध राहायला गेलं. शेजारी आता हाकेच्या पलीकडे. 'आपलं घर' म्हटल्यावर लिथुआनियन मनात आजही जे चित्र येतं ते याच थोड्या दशकांचं आहे.

पुढे सोव्हिएत सत्ता आली. १९४१ मध्ये आणि मग १९४५ ते १९५३ या काळात सुमारे १ लाख ३० हजार लोक सैबेरियाकडे आणि इतरत्र हद्दपार झाले. जमीन सामुदायिक शेतीत गेली. १९६० च्या दशकापासून शेतजमिनीतला पाण्याचा निचरा करण्याच्या मोहिमेत या सुट्या वस्त्या पाडल्या गेल्या आणि माणसं नव्या वसाहतींत किंवा शहरातल्या पॅनेलच्या, म्हणजे काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभारलेल्या, इमारतींत आली. तिथे हिशोब होता माणशी ९ चौरस मीटर. भिंती पातळ, खबऱ्या कोण ते माहीत नाही. पावलांनी अंतर ठेवता येईना तेव्हा ते नजरेने आणि तोंडाने ठेवलं गेलं: जिन्यात थांबायचं नाही, लिफ्टमध्ये बोलायचं नाही. बाहेरची जागा सरकारची, उंबऱ्याच्या आतली आपली.

उंबरा इथे शब्दशः घ्यावा. लिथुआनियात उंबऱ्याच्या आरपार हस्तांदोलन करत नाहीत, अशुभ मानतात. दारात हात पुढे केला तर यजमान हात मागे घेईल. तो अपमान नव्हे. आत पाऊल टाकायचं, मग हात द्यायचा, बूट काढायचे. त्यानंतर टेबल भरतं आणि लवकर उठू देत नाहीत. 'पिर्तिस' म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात तर हीच अलिप्त माणसं उघड्या अंगाने शेजारी बसतात, एकमेकांच्या पाठीवर बर्चच्या डहाळ्यांची जुडी मारतात. आणि २३ ऑगस्ट १९८९ रोजी लिथुआनियाची राजधानी विल्नियसपासून एस्टोनियाची राजधानी टॅलिनपर्यंत, लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया या तिन्ही बाल्टिक देशांतून, सोव्हिएत सत्तेविरुद्ध ६०० किलोमीटरांहून लांब मानवी साखळी झाली तेव्हा जवळजवळ वीस लाख लोकांनी अनोळखी माणसाचा हात धरला होता.

भीतीने माणसं दूर जातात, एवढंच कारण असतं तर पोर्तुगीजही दूर गेले असते. हुकूमशहा सालाझारने उभी केलेली राजवट, तो गेल्यावरही चालू राहून, १९३३ ते १९७४ टिकली. तिची 'पीडे' ही गुप्त पोलीस यंत्रणा आणि कॅफेत कान देऊन बसणारे खबरे होतेच. पण शहरांची वीण वेगळी होती. लिस्बनच्या आल्फामात, १७५५ च्या भूकंपातून वाचलेल्या त्या भागात, काही गल्ल्यांत दोन माणसं अंग चोरूनच जातात. पोर्तो शहरात एकोणिसाव्या शतकात मालकांच्या घरांमागच्या अरुंद पट्टीत कामगारांच्या चाळी उठल्या, त्यांना 'इल्या' म्हणजे बेटं म्हणतात. घर जेमतेम १६ चौरस मीटरचं, संडास सामायिक. तिथे अंग आखडून जगणं शक्य नव्हतं. अंतर ठेवलं गेलं ते पदवीने. अभियंत्याला 'एन्जेन्येइरू', पदवीधराला 'दोतोर', मोठ्यांशी तृतीय पुरुषात बोलणं. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर एकेरी संबोधन पसरलं, पण पदव्या गेल्या नाहीत. भेटताना गालाला गाल लावतात, त्यातही वर्ग दिसतो: बहुतेक जण दोन्ही गाल लावतात, लिस्बनजवळच्या कॅशकाइशसारख्या उच्चभ्रू वर्तुळात एकच.

पोर्तुगालात भेटायची रीत अशी. घरगुती ओळखीत बाईला बाई, बाईला पुरुष गालाला गाल लावतात, आधी उजवा, मग डावा. ओठ गालाला टेकत नाहीत, आवाज तेवढा होतो. पुरुष पुरुषांशी हात मिळवतात, मित्र असतील तर मिठी आणि पाठीवर थाप. वडील-मुलगा मात्र गालाचा मुका घेतात. कामाच्या पहिल्या भेटीत फक्त हात. निघताना पुन्हा सगळ्यांची फेरी. एकच गाल लावून मागे सरलं की समोरच्याचा दुसरा गाल हवेत राहतो. लिथुआनियन पाहुण्याचं गणित नेमकं तिथे चुकतं. गोव्यातल्या कॅथलिक घरांत वावरलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

उलट बाजूला, लिथुआनियातल्या कौनास शहरात वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय मुलांनी रांगेत पुढच्याच्या पाठीला चिकटू नये. किमान एक मोठं पाऊल सोडावं. बोलताना समोरचा मागे सरकला तर आपण पुढे जायचं नाही, थोडं तिरकं उभं राहायचं; तिरक्या उभ्या माणसाचं दडपण कमी वाटतं. शांतता पडली तर ती लगेच भरायची गरज नसते.

ऑफिसात मात्र पारडं फिरू शकतं. विल्नियसमधल्या तरुण कंपन्यांत एकेरी नाव लवकर सुरू होतं, तर लिस्बनमध्ये खांद्यावर हात टाकणाऱ्या साहेबांना अनेक वर्षांनंतरही 'एन्जेन्येइरू'च म्हणावं लागतं.