व्याकरण, अर्थ आणि कोश : मराठवाड्यातील भाषाविषयक परिषदांची पार्श्वभूमी

बीजभाषण, शोधनिबंधांचे वाचन, त्यांवरील प्रश्नोत्तरे आणि पुढे त्या निबंधांचा संग्रह, असे आजच्या चर्चासत्राचे स्वरूप विसाव्या शतकात ठरत गेले. परंतु भाषेचा प्रश्न जाणकारांपुढे मांडून त्याचा निर्णय करण्याची रीत मराठवाड्यात त्याहून कितीतरी जुनी आहे. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण ही सातवाहनांची राजधानी होती आणि हाल सातवाहनाच्या नावाने ओळखली जाणारी गाथासप्तशती माहाराष्ट्री प्राकृतात आहे. ‘कथासरित्सागरा’त सातवाहन राजाच्या दरबारातील एक वाद आला आहे. जलक्रीडेत राणीच्या ‘मोदकैः’ (मा उदकैः, म्हणजे पाण्याने मारू नका) या बोलण्यातील संधी राजाला उलगडला नाही आणि त्याने मोदक मागवले. खजील झालेल्या राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवीन असे दरबारातील पंडित गुणाढ्य म्हणाला, तर दुसरा पंडित शर्ववर्मा याने सहाच महिन्यांची पैज घेतली आणि त्यातून कातंत्र व्याकरण निर्माण झाले. ही दंतकथाच आहे. मात्र शिकणाऱ्याला पेलेल असे आटोपशीर व्याकरण हवे, हा तिच्यातला आग्रह खरा आहे.

मराठीपुरते बोलायचे तर अशा चर्चेची पहिली भरीव परंपरा महानुभावांची. चक्रधरांची वचने सूत्ररूपाने संकलित झाली, त्यांचे अर्थ लावताना शिष्यांत मतभेद झाले आणि मतभेद झाल्यामुळेच शब्द, विभक्ती आणि प्रकरणसंदर्भ यांची चिकित्सा अपरिहार्य झाली. भीष्माचार्यांच्या ‘पंचवार्तिका’त मराठीच्या व्याकरणाचा प्रारंभीचा विचार आढळतो, तो याच गरजेतून. पुढे 1584 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. कोणता शब्द मूळचा आणि कोणता मागाहून शिरलेला, हे ठरवण्याचे ते काम कोशकाराच्या कामाचा पायाच होते.

आधुनिक काळात ज्ञानेश्वरीचेच आणखी एक प्रकरण मराठवाड्यात घडले. वि. का. राजवाडे यांना बीडजवळच्या पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक जुनी, एकनाथपूर्व मानली गेलेली प्रत मिळाली. 1909 मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरणही लिहिले. त्या प्रतीच्या काळाविषयी आणि पाठांविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. प्रस्तुत लेखकाला येथे वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते : पोथी बीडची होती, पण तिच्यावरचा वाद झडला तो पुण्या-मुंबईच्या मंडळांत आणि मासिकांत. मराठीच्या अभ्यासाला मराठवाड्याने साधनसामग्री पुरवावी आणि तिची छाननी मात्र अन्यत्र व्हावी, हा क्रम येथून पुढे बराच काळ टिकला.

याचे कारण बव्हंशी राजकीय होते. 1919 मध्ये पुण्यात अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. 1928 मध्ये लाहोर येथील पाचव्या अधिवेशनाच्या वेळी भारतीय भाषाविज्ञान संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी हेग येथे भाषावैज्ञानिकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 1932 ते 1938 या वर्षांत दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड पुण्यातून निघाले. या सगळ्या काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते.

तरीही त्या काळात औरंगाबादेत कोशकार्य झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार कित्येक वर्षे औरंगाबादेतून चालवला. उर्दूचे व्याकरण त्यांनी लिहिले, ‘उर्दू’ हे त्रैमासिक येथून निघाले आणि त्यांच्या संपादनाखाली तयार झालेला इंग्रजी-उर्दू कोश 1937 मध्ये प्रसिद्ध झाला. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतर विभाग उभा राहिला होता आणि शास्त्रीय परिभाषेचा एकेक शब्द तज्ज्ञांच्या समित्यांत चर्चा करून ठरत होता. आपल्या प्रदेशाच्या कोशपरंपरेचा इतिहास सांगताना मराठी अभ्यासक हे पान बहुधा वगळतात. ते वगळू नये. 

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. तेथील मराठी विभागाला वा. ल. कुलकर्णी यांच्यासारखे समीक्षक लाभले, त्यामुळे साहित्यविचाराला बळ मिळाले. यू. म. पठाण यांनी महानुभाव वाङ्मयाचे संशोधन आणि संपादन केले. अशा संपादित ग्रंथांवाचून शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला जुन्या मराठीचा कोश उभा राहिला नसता, कारण जुन्या गद्याचा मोठा साठा महानुभाव ग्रंथांतच आहे. व्याकरण आणि अर्थ यांना वाहिलेले व्यासपीठ मात्र अशोक रा. केळकर यांच्या पुढाकाराने 1982 मध्ये पुण्यात मराठी अभ्यास परिषदेच्या रूपाने उभे राहिले. मराठवाड्यातील मेळावे प्रामुख्याने साहित्य संमेलनांच्या वळणाचे राहिले.

बोलींकडे लक्ष वळले ते काहीसे आडवाटेने. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना गोंडी आणि कोलामी या भाषांची व्याकरणे लिहिली. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या अंगाने भटक्या समूहांच्या सांकेतिक भाषांचा शोध घेतला. खुद्द मराठवाडी मराठीकडे मात्र वर्णनात्मक व्याकरणाच्या दृष्टीने उशिरा पाहिले गेले, आणि तेथे साध्या बोलण्यातही केवढे काम पडून आहे हे एका उदाहरणावरून दिसेल. नांदेड-परभणीकडे ‘काय करायलास?’ असे विचारतात आणि ‘जेवायलो’ असे उत्तर येते. लातूरकडे ‘करूलालो’ अशी रूपे ऐकू येतात. प्रमाण मराठीत ‘करायला’ या रूपाला पुढे दुसरे क्रियापद लागते. येथे तेच रूप पुरुष आणि वचन यांचे प्रत्यय घेऊन चालू वर्तमानकाळ दाखवते. ‘करायला लागलो’, ‘करू लागलो’ यांतून ही रूपे आली असतील, तर आरंभाचा अर्थ जाऊन चालू क्रियेचा अर्थ केव्हा आणि कसा आला? कोशात त्यांची नोंद ‘करणे’खाली करावी, की ‘लागणे’च्या सहायक उपयोगांत? व्याकरण, अर्थ आणि कोश हे तिन्ही विषय एकाच चर्चासत्रात का हवेत, याचे उत्तर या एका क्रियापदात आहे.

अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण आणि प्रतिमांकन हाती घेऊन बोलणाऱ्यांच्या आवाजातील नमुने सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यामुळे अशा नमुन्यांवर आधारलेल्या निबंधातले रूप निबंधकाराने नीट ऐकले आहे की नाही, हे श्रोत्यांना आता सभागृहात बसल्या बसल्या पडताळता येते.