नवीन पेडल जड फिरतंय? उघडण्याआधी हे वाचा

सायकलच्या पेडलची नवी जोडी घेतली की बरेच ग्राहक दुसऱ्याच दिवशी विचारतात, ‘जुनं पेडल टिचकी मारली की दहा फेरे घ्यायचं, हे अर्ध्या फेऱ्यात थांबतं. माल खराब आहे का?’ बहुतेक वेळा माल चांगलाच असतो. जुनं पेडल भराभर फिरायचं कारण त्यातलं ग्रीस संपलेलं असायचं. पण काही नवी पेडलं खरोखरच चुकीची आवळलेली येतात आणि ती तशीच चालवली तर महिन्याभरात बेअरिंग खराब होतं. दोन्हींतला फरक बोटांना कळतो.

पेडल सायकलला लावण्याआधी एक्सलचं (पेडलच्या मधल्या दांड्याचं) आट्यांचं टोक चिमटीत धरा आणि अगदी हळू फिरवा, एका फेऱ्याला पाच-सहा सेकंद. घट्ट खिरीत पळी फिरवावी तसा सगळीकडे सारखा जडपणा लागला, तर ते जाड ग्रीस आणि नव्या रबरी सीलचं घर्षण आहे. ते तसंच असू द्या. साधारण १०० किमी चालवल्यावर सीलची कड बसते, जादा ग्रीस बाजूला सरतं आणि पेडल मोकळं होतं. पण भात खाताना दाताखाली खडा यावा तशी करकर लागली, किंवा एक्सल ठरावीक जागी अडकून मग पुढे सरकत असेल, तर आत दोष आहे. एक्सल वर-खाली हलवून पाहा. टकटक हललं तर बेअरिंग सैल आहे. हाही दोषच, फक्त उलट बाजूचा.

क्लीटच्या, म्हणजे बुटाच्या तळाची पट्टी अडकवायच्या पेडलमध्ये बूट सोडवायला जोर लागतो म्हणून काही जण बेअरिंग जाम समजतात. ती स्प्रिंग असते. तिचा स्क्रू वेगळा असतो आणि बेअरिंगशी त्याचा संबंध नाही.

जड पेडल सुटूही शकतं

याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. सायकल चालवताना उजव्या बाजूने पाहिलं तर क्रँक (पेडल ज्यात बसतं तो दांडा) घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. पेडल मात्र पायाखाली सपाट राहतं, म्हणजे क्रँकच्या मानाने ते उलट दिशेने फिरत असतं. बेअरिंग मोकळं असेल तर त्या फिरण्याची ओढ एक्सलपर्यंत फारशी पोचत नाही. पायाच्या दाबाने एक्सल आट्यांत किंचित लोळत राहतो आणि हे लोळणं त्याला आवळण्याच्या दिशेने नेतं. डाव्या पेडलाला उलटे आटे देतात ते यासाठीच. बेअरिंग जाम झालं की मात्र पेडल एक्सलला आपल्याबरोबर ओढू लागतं, आणि ही ओढ दोन्ही बाजूंना सुटण्याच्या दिशेची असते. एक्सल अर्धवट सुटलेला असताना चढावर उभं राहून जोर मारला तर अॅल्युमिनियमच्या क्रँकमधले आटे सोलून निघतात. मग दोष शंभर-दोनशेच्या पेडलचा असतो आणि बदलावा लागतो क्रँक.

आत काय असतं

साध्या पेडलमध्ये दोन्ही टोकांना सुटे छर्रे असतात, बहुधा ५/३२ इंचाचे (जवळजवळ ४ मिमी), काही पेडलांत १/८ इंचाचे. बाहेरच्या टोकाला टोपीखाली लॉकनट, त्याखाली जीभ असलेला वायसर आणि त्याखाली कोन, म्हणजे छर्र्यांवर दाबून बसणारा शंकूच्या आकाराचा नट. कारखान्यात घाईने आवळलेला कोन हे नवं पेडल अडकण्याचं सर्वांत नेहमीचं कारण. त्यानंतर येतो ग्रीसचा कंजूषपणा. कधी आट्यांतून निघालेला लोखंडाचा कीस कपात (छर्रे बसतात त्या वाटीत) राहून जातो, तर कधी एक छर्रा जास्त कोंबलेला असतो. छर्रे बसवल्यावर एका छर्र्याहून थोडी कमी जागा मोकळी दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर ते एकमेकांना घासतात.

सीलबंद बेअरिंगच्या पेडलमध्ये असा कोन नसतो. आतलं बेअरिंग खराब असेल तर ते आख्खं बदलतात. पातळ, सपाट पेडलांत एका बाजूला छर्र्यांऐवजी नुसता बुश (गुळगुळीत नळी) असतो. ती मुळातच जड फिरतात आणि त्यात जुळवण्यासारखं काही नसतं.

कोन जुळवणं

आधी पेडल काढा. त्यासाठी १५ मिमीचा पातळ पाना किंवा एक्सलच्या मागच्या तोंडाला ६ अथवा ८ मिमीची अॅलन की (षटकोनी चावी) लागते. उजवं-डावं, सुलटं-उलटं याचा घोळ होऊ नये म्हणून एवढंच लक्षात ठेवा : पाना वर उभा राहील असा लावा आणि त्याचं टोक मागच्या चाकाकडे ढकला, पेडल सुटतं. पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळतं. दोन्ही बाजूंना हाच नियम. पुढे एकाहून जास्त दातेरी चकत्या असतील तर चेन मोठ्या चकतीवर चढवून ठेवा. पाना सटकला तर चकतीच्या दातांनी बोटं फाटतात.

एक्सल लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये धरून शेकंज्यात (व्हाइसमध्ये) अडकवा. टोपी काढा. गोटी पान्याने लॉकनट सैल करा आणि वायसर थोडा वर उचला. लहान स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने कोन फेऱ्याचा आठवा भाग मागे घ्या, जास्त नाही. आता लॉकनट परत आवळून एक्सल फिरवून पाहा. इथेच पुष्कळांचं चुकतं : लॉकनट आवळताना तो कोनाला आत दाबतो, त्यामुळे आवळण्याआधी बरोबर वाटलेलं पेडल आवळल्यावर पुन्हा जड होतं. म्हणून आवळण्याआधी किंचित ढिलाई हाताला लागेल एवढं ठेवायचं. तीन-चार वेळा मागेपुढे करावं लागतं. पहिल्या खेपेला जुळलं नाही म्हणून घाबरू नका.

करकर तरीही राहिली तर पूर्ण उघडा. पेडल ताटलीवर धरूनच एक्सल ओढा, कारण आतल्या बाजूचे छर्रे लगेच ओघळतात. दोन्ही बाजूंचे छर्रे मोजून वेगळ्या वाट्यांत ठेवा. सगळं रॉकेलने धुऊन कोरडं पुसा. कोनावर किंवा कपात खड्डे दिसले तर जुळवण्यात वेळ घालवू नका, ते पेडल बदलून घ्यायचं. खड्डे नसतील तर कपात वाटाण्याएवढं ग्रीस भरा, छर्रे त्यात अर्धे बुडवून रचा आणि एक्सल घाला. दोन्ही पेडलांना मिळून चहाचा एक चमचा ग्रीस पुरतं. छर्रे बदलायचे असतील तर सगळे बदला. नव्या-जुन्यांच्या मापात केसाएवढा फरक असतो आणि सगळा भार मोठ्यांवर येतो.

खोबरेल, शिलाईयंत्राचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे यांपैकी काहीही नव्या पेडलमध्ये घालू नका. दोन दिवस पेडल छान फिरतं, कारण पातळ तेलाने ग्रीस धुऊन नेलेलं असतं. जानेवारीत घरच्या बाटलीतलं खोबरेल सकाळी थिजतं, ते पेडलमध्येही थिजतं.

गोव्यातल्या हवेसाठी

इथे खारी हवा, जांभ्याची बारीक लाल माती आणि चार महिने पाऊस. त्यामुळे ग्रीस पाण्याला न जुमानणारं हवं. बोटींसाठी मिळणारं मरीन ग्रीस आम्ही सुचवतो. मिरामार, कोळवा अशा किनाऱ्यांवर वाळूत सायकल नेली, किंवा रायबंदर-चोडण फेरीच्या धक्क्यावर खारं पाणी उडालं, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा पेडलच्या सीलवर मारू नका, तो पाणी आत ढकलतो. सुट्या छर्र्यांचं पेडल मे महिन्यात आणि चवथीनंतर असं दोनदा उघडून ग्रीस बदललं तर पुष्कळ वर्षं टिकतं.

पेडल परत लावताना आट्यांना ग्रीस चोळा, नाहीतर खाऱ्या हवेत पोलाद आणि अॅल्युमिनियम एकमेकांत जाम होतात. पहिले चार-पाच फेरे बोटांनीच द्या. अडलं तर पान्याने रेटू नका, बाजू चुकली असेल. एक्सलवर कोरलेलं ‘आर’ उजवीकडे, ‘एल’ डावीकडे. शेवटी २० सेमी लांबीच्या पान्यावर साधारण २० किलोचा जोर द्या, म्हणजे सुमारे ३९ न्यूटन मीटर. पहिल्या १०० किमीनंतर तेवढाच जोर पुन्हा देऊन पाहा.

आमच्याकडून घेतलेलं पेडल फिरताना अडकत असेल तर न उघडता आणा, आम्ही कोन जुळवून देऊ. घरी उघडलंच असेल तर दोन्ही पेडलं आणि निघालेले सगळे छर्रे कागदाच्या पुडीत घेऊन या. दुसऱ्या पेडलवरून छर्र्यांची मूळ संख्या कळते.