डिप्लॉयमेंट पाइपलाइन

सॉफ्टवेअरमधील बदल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जमा झाल्यापासून तो वापरणाऱ्याच्या हाती पडेपर्यंतची बिल्ड (कोडपासून चालवण्याजोगे सॉफ्टवेअर तयार करणे), चाचणी व उभारणी ही कामे ठरलेल्या क्रमाने आपोआप पार पाडणारी व्यवस्था. तिला ‘नलिका’ म्हणण्याचा प्रघात पडलेला नाही. छत्रपती संभाजीनगरातला अभियंताही ‘बिल्ड फेल गेला’ असेच म्हणतो.

गिट 2005 साली आले. ॲमेझॉनने 2006 पासून सर्व्हर तासाच्या भाड्याने देऊ केले. हडसन या आधीच्या साधनापासून फुटलेले, पाइपलाइन चालवणारे जेनकिन्स 2011 मध्ये, सॉफ्टवेअर त्याच्या गरजेच्या सगळ्या भागांसह कंटेनरमध्ये बांधणारे डॉकर 2013 मध्ये, तर सर्व्हरांची मांडणी लिहून ठेवण्याचे टेराफॉर्म व असे अनेक कंटेनर सांभाळणारे कुबर्नेटीस 2014 मध्ये पुढे आले. ॲमेझॉनची ही क्लाउड सेवा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर, 2016 पासून मुंबईतूनही मिळू लागली.

पाइपलाइनचा खरा कस चाचणीच्या टप्प्यावर लागतो. समजा, लातूरच्या आडत दुकानांसाठी हमाली व तोलाई वजा करून शेतकऱ्याची हिशेबपट्टी काढणारे सॉफ्टवेअर आहे. सोयाबीनचे वजन 12 क्विंटल 4 किलो असताना नव्या बदलामुळे ते 12.04 ऐवजी 12.4 क्विंटल असे वाचले गेले, तर एकाच पट्टीत 36 किलोंचा फरक पडतो. नेमक्या याच वजनाची चाचणी आधी लिहून ठेवलेली असेल, तर पाइपलाइन तिथेच थांबते आणि चुकीची पट्टी दुकानात छापली जात नाही. चाचणीतून सुटलेल्या चुकांसाठी नवी आवृत्ती आधी मोजक्याच दुकानांना देतात व बिघाड दिसताच जुनीवर परततात. यालाच रोलबॅक म्हणतात. मात्र डेटाबेसची रचना बदललेली असल्यास परतणे इतके सोपे राहत नाही.

क्लाउडमधील सर्व्हर, नेटवर्क व परवानग्या यांची मांडणी टेराफॉर्ममध्ये मजकूररूपाने लिहून गिटमध्येच ठेवतात, त्यामुळे कोणता सर्व्हर कसा उभा केला हे एकाच माणसाच्या डोक्यात राहत नाही. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली की सर्व्हरांची संख्या आपोआप वाढावी, हेही या मांडणीतच नोंदवता येते. ती लागू करण्याचे काम मात्र स्वतःच्या लॅपटॉपवरून करू नये. मध्येच वीज जाऊन जोडणी तुटली, तर स्थितिफाइलीवरचे (काय काय उभे आहे याची टेराफॉर्मने ठेवलेली नोंद) कुलूप, म्हणजे एका वेळी एकानेच बदल करावा यासाठीची अटक, तसेच अडकून राहू शकते. मग अर्धवट उभे राहिलेले भाग तपासून ते कुलूप हाताने सोडवावे लागते. पाइपलाइन क्लाउडमध्येच चालत असल्यास गावातली वीज गेली तरी सुरू झालेले काम पुरे होते.