शर्यतीआधी ‘पोट साफ’ करणारी गोळी

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत शर्यतीच्या कबुतरांच्या ढाबळी (खुराडी) राखणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: शर्यतीआधी अँटिबायोटिक द्या, पोटातले जंतू मरतात, कबुतर हलकं होऊन वेगानं उडतं.

आजारी पाखरू औषधानं सुधारलेलं पाहिलं, की असं वाटणं साहजिक आहे. पण तिथं आजार बरा झाला होता, वेग वाढवला नव्हता. अँटिबायोटिक वाईट जंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं. हेच जंतू रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. शिवाय घशात पिवळे चट्टे आणणाऱ्या कँकर रोगाचे जंतू आणि आतड्यातला कॉक्सिडिया हे जिवाणू नव्हेत, परजीवी आहेत. त्यांची औषधं वेगळी. आणि लांब उड्डाणाचं मुख्य इंधन चरबी, म्हणून मका, सराव आणि विश्रांती मोलाची.

पडताळायचं तर पहाटे ढाबळीत विष्ठा पाहा. घट्ट, तपकिरी-हिरवट, वर पांढरी टोपी असेल तर बहुधा पोट ठीक आहे. एखाद्या दिवशी भीतीनं किंवा जास्त पाण्यानंही ती पातळ होते, त्यामुळे दोन-तीन दिवस बघा. तरीही पातळच राहिली, तर ताजा नमुना जनावरांच्या दवाखान्यात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. औषध त्यानंतरच, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस.