म्हातारपणी परदेशात मिशनवर जाणारी जोडपी: याच्या मागं काय आहे, सोलापूरकडून बघताना

अमेरिकेतली साठी-सत्तरीतली नवरा-बायको रिटायर झाल्यावर घराला कुलूप लावून दुसऱ्या देशात मिशनवर, म्हणजे चर्चच्या कामावर, जातात, ही गोष्ट आपल्याकडं फारशी कुणाला माहीत नसते. मॉर्मन चर्च नावाच्या अमेरिकेतल्या पंथामध्ये तर हे अगदी रुळलेलं आहे. ६ महिन्यांपासून २३ महिन्यांपर्यंत जायचं आणि खर्च बहुतेक स्वतःचा, पेन्शनमधून. त्यांच्यातल्या मिशनवर गेलेल्या विशीतल्या पोरापोरींचं दिवसभर हिंडायचं वेळापत्रक असतं तसं यांना नसतं. ऑफिस सांभाळणं, हिशोब, कुठं पाण्याचं किंवा दवाखान्याचं काम चाललेलं असेल तर त्याच्या मागं लागणं, नवीन पोरांना जेवायला बोलावणं, आणि संध्याकाळी नातवंडांना व्हिडिओ कॉल, असा दिवस जातो. त्या चर्चचं भारतातलं बेंगळुरूचं मिशन १९९३ चं, सोलापूरशी त्याचा थेट संबंध नाही. पण परदेशात मिशनचं काम करणारं म्हातारं जोडपं म्हटलं की आमच्या गावाला जुनं काहीतरी आठवतं, आणि ते आजच्यापेक्षा बरंच वेगळं होतं.

सोलापूरला आले ते अमेरिकन मराठी मिशनचे लोक. मिशनरी पाठवणाऱ्या बोस्टनच्या संस्थेनं, म्हणजे बोर्डानं, पाठवलेली पहिली माणसं १८१३ ला मुंबईत उतरली, १८३१ ला नगरला ठाणं झालं, आणि १८६० ला रेल्वे सोलापूरपर्यंत आली त्यानंतर त्याच दशकात इथंही मिशनचं काम उभं राहिलं. नगरला रेल्वे यायला १८७८ उजाडलं, म्हणजे वाहतुकीच्या बाबतीत आपण पुढंच होतो की. ही जोडपी तरुणपणी यायची. लग्न करून, लगेच बोटीत बसून. सुएझ कालवा १८६९ ला उघडला, त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून यायला चार-पाच महिने लागायचे. मग मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मांडीवर घेऊन मराठी शिकायची, परीक्षा द्यायची, आणि इथंच म्हातारं व्हायचं. आज म्हातारपणी येतात, तेव्हा येऊन म्हातारे व्हायचे, आणि माझ्या मते सगळा फरक इथूनच सुरू होतो.

दिवस उन्हाच्या आधी सुरू व्हायचा, सोलापूरचा मे-एप्रिल ज्यानं काढलाय त्याला याचं कारण सांगायला नको. पहाटे थोडं खाऊन पाद्रीसाहेब शाळा तपासायला नाहीतर गावात, दुपारी दारं लावून पत्रं आणि हिशोब, संध्याकाळी प्रार्थना. थंडीत तंबू बैलगाडीत घालून आठवडेच्या आठवडे खेडोपाडी हिंडायचं, आणि उन्हाळ्यात जमलं तर महाबळेश्वर.

आणि मडमबाई काय करायच्या? आमच्या आजीचं लहानपण मिशनच्या आवारात गेलं, तिच्या तोंडी साहेबांपेक्षा मडमचंच नाव जास्त असायचं. औषधाची पेटी मडमकडं, पोरींचं शिवण मडमकडं, कुणाची सून बाळंतपणात अडली तर रात्री दार मडमचंच वाजायचं, आणि वर स्वतःचं घर, स्वतःची पोरं. पण बोर्डाच्या सुरुवातीच्या याद्या बघितल्या तर बायको 'सहायक मिशनरी' म्हणून लिहिलेली, तिला वेगळा पगार नाही, जोडप्याचा मिळून एकच. हे मला फार लागतं, कारण अर्ध्याहून जास्त काम तर तीच करत होती. एकट्या बाईला पाठवायचं तर बोर्ड सुरुवातीला फार कचरायचं, तरी सिंथिया फॅरार १८२७ ला आल्या, नगरला शाळा चालवली, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडं शिक्षिकेचे धडे घेतले, आणि १८६२ ला त्या नगरलाच वारल्या. पुढं १८६८ ला अमेरिकेतल्या बायकांनी स्वतःचं वेगळं बोर्ड काढलं तेव्हा बायकांच्या कामाला बायकांचे पैसे यायला लागले. सोलापुरात मुलींची वोरोनोको शाळा आणि बालवाडीच्या शिक्षिका घडवणारी शाळा उभी राहिली, त्यामागं अशाच मिशनच्या बायका होत्या.

पोरांचं दुःख वेगळंच. आठ-दहा वर्षांचं झालं की शिकायला अमेरिकेला पाठवायचं, मग कित्येक वर्षं तोंड नाही, नुसती पत्रं. १९०१ ला कोडाईकनालला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली, त्यानंतर हे जरा हलकं झालं, तरी लांब ते लांबच.

म्हातारपणाचा प्रश्न शेवटी उरायचाच. नगरचे रॉबर्ट ह्यूम घ्या. जन्म १८४७ चा, तोही मुंबईत. वडील मिशनरी, १८५४ ला मायदेशी परत जाताना बोटीवरच वारले. ह्यूम शिकून १८७४ ला परत आले, दुष्काळात केलेल्या कामासाठी १९०१ ला सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं, आणि १९२६ ला निवृत्त होऊन अमेरिकेला गेले तेव्हा वय ७९. परत गेले असं म्हणायचं तरी कसं, जन्म इथला आणि कामाची बावन्न वर्षं इथली. तीन वर्षांनी, १९२९ ला, तिकडंच वारले.

स्वातंत्र्यानंतर नवीन परदेशी मिशनऱ्यांना परवानगी मिळणं अवघड होत गेलं, शाळा आणि चर्च इथल्याच लोकांनी हातात घेतली, नगर-सोलापूरकडची बरीच मंडळी पुढं अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन १९७० ला नागपुरात झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली. आयुष्यभरासाठी येणारी जोडपी तशीच कमी होत गेली.

आजच्या जोडप्याकडं परतीचं तिकीट असतं, पोरं मोठी होऊन मार्गाला लागलेली असतात, आणि नेमणूक दोघांच्या नावानं येते, बायकोची सुद्धा, मिशनरी म्हणूनच.